हौसाक्का आणि परदेशी निघालेली हळद

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्यादेखत एका बाईनं स्वतःला लोखंडी कंटेनरमध्ये कोंडून घेतलं, आणि आजूबाजूच्या एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मिरजेच्या अलीकडं रुळांना लागून आमचा डेपो होता. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, कारखान्यांचे सुटे भाग असं काय काय तिथं यायचं, कंटेनरमध्ये भरलं जायचं, आणि ते कंटेनर सपाट वाघिणींवर चढून आगगाडीनं बंदराला जायचे. तिथून पुढं जहाज. मी कागदपत्रांच्या कामावर लागले होते. माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं, समुद्राशी संबंध काय तो शाळेच्या सहलीपुरता. पण नेमणुकीचं पत्र हातात पडल्यापासून आपण आंतरराष्ट्रीय व्यापारात पाऊल टाकलं, अशा तोऱ्यात मी होते. पाऊल टाकलं ते हळदीच्या धुळीत, आणि त्या दिवसापासून माझी एकही ओढणी मूळ रंगाची राहिली नाही.

तर मी फाटकातून आत येते तो समोर एक रिकामा कंटेनर उघडा. नऊवारी नेसलेली, कंबरेला पोती ओढायचा लोखंडी आकडा खोचलेली, पन्नाशीची एक धिप्पाड बाई त्यात चढली आणि आतून ओरडली, "लावा रं दार!" दोन हमालांनी धाडकन दारं लावली, दांडे फिरवले. मी पर्स छातीशी धरून उभी. एकजण तंबाखू मळत होता. बऱ्याच वेळानं आतून पत्र्यावर आकडा वाजला, दारं उघडली, बाई उजेडात आली आणि तिनं निकाल दिला, "अंधार चोख हाय. भरा."

ही हौसाक्का. हमालांच्या टोळीची मुकादम.

आत कोंडून घेण्यातलं शहाणपण मला नंतर कळलं. कंटेनरच्या पत्र्याला कुठं टाचणीएवढं भोक असलं, तर बाहेरून ते दिसत नाही. आत मिट्ट काळोख केला की तिथून उजेडाचा ठिपका दिसतो. तेवढ्या भोकातून समुद्रावरचं पाणी आत गेलं की हळदीला बुरशी धरलीच म्हणून समजा. ही तपासणी जगभर करतात. पण जगभरातले लोक ती करून दोन मिनिटांत बाहेर येत असतील. हौसाक्का आत गेली की लवकर बाहेर येत नसे. डोळे अंधाराला सरावायला हवेत, असं ती म्हणे. माझा संशय वेगळा होता. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या त्या बाईला गप्प बसायला तेवढी एकच जागा होती.

कंटेनरला ती डबा म्हणायची आणि भोकांना चांदण्या. "सायेब, ह्या डब्याला चांदण्या हाईत, माघारी धाडा," असं तिनं सांगितलं की मॅनेजर कपाळाला हात लावायचे, कारण दुसरा रिकामा कंटेनर मिळवणं म्हणजे लग्नसराईत मंगल कार्यालय मिळवण्यासारखं. एकदा तर तिनं आतून असा आरडाओरडा केला की आम्ही सगळे धावलो. "चांदणी! ही एवढी! माझ्यासंगं हालतीया!" बाहेरून चारी बाजूंनी पत्रा तपासला, दोघं वर चढले, भोक काही सापडेना. शेवटी दार उघडलं तर चांदणी तिच्याच मनगटावर. लेकानं पुण्याहून नवं घड्याळ आणून दिलेलं, काटे अंधारात चमकणारे. हमालांची हसायची हिंमत होईना. मग तीच अशी हसायला लागली, की आकडा टेकून खाली बसली. त्यानंतर आत जाताना घड्याळ काढून माझ्या हातात द्यायची आणि बजावायची, "जपून धरा ताई, चांदणी हाय."

तिला नम्रपणा ठाऊक नव्हता, आणि मला ते फार आवडायचं. "माझ्या टोळीसारखं पोतं मिरजेपास्नं कऱ्हाडापतूर कोण लावत न्हाई," हे ती रोज सांगायची, न विचारता. मॅनेजरांनाही सांगायची, रेल्वेच्या माणसांनाही, आणि एकदा तपासणीला आलेल्या पाहुण्या गोऱ्या साहेबालाही मराठीतच सांगितलं. त्यानं मान डोलावली, तर मला म्हणाली, "बगा, कळलं त्यास्नी." भूगोल मात्र यथातथाच. समुद्र पुण्याच्या पलीकडं लगेच सुरू होतो, अशी तिची समजूत होती. जहाज हे तिच्या हिशेबी एसटीसारखं, थांब्याथांब्याला थांबणारं. मी नकाशा दाखवला, तर तिनं तो नीट बघितला आणि म्हणाली, "असंल. पर एवढं निळं कशाला पायजे वं?"

मुकादमी तिला सहज मिळालेली नव्हती. आधी नवरा मुकादम होता. तो आजारपणात गेला. त्याचे दिवस झाले आणि हौसाक्का त्याचा आकडा घेऊन डेपोच्या फाटकात उभी राहिली. ही हकिगत मी तिच्याकडून नाही, टोळीतल्या जुन्या हमालांकडून ऐकली, आणि प्रत्येकानं ती जरा आवाज खाली आणून सांगितली. बाई मुकादम म्हटल्यावर टोळीत कुजबुज झाली, कुणी तोंड लपवून हसलं. हौसाक्कानं आकडा पोत्याच्या थप्पीवर ठेवला आणि म्हणाली, "ज्याला मुकादम व्हायचंय त्यानं उचलावा. मी आकडा उचलणाऱ्याच्या हाताखाली पोती वाहीन, तोंडातनं शबूद काढणार न्हाई." दुपारपर्यंत आकडा तिथंच होता. दुपारी तिनंच तो उचलला, आणि कामाला लागा म्हणून सगळ्यांना शिव्या घातल्या. एक म्हातारा हमाल मला म्हणाला, "ताई, आमाला भ्या वाटलं न्हाई. पर तिच्यावानी उभं ऱ्हायला आमच्यातल्या कुणाला जमलं नसतं." मी त्या दिवशी घरी जाताना तिच्याकडं वळून वळून पाहत होते. माझ्यावर अशी वेळ आली असती, तर मी फाटकापर्यंतसुद्धा पोचले नसते.

तिच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण पलूसच्या बायकांच्या डब्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हौसाक्का कळायची नाही.

पलूसकडच्या शेतकरी बायकांनी गट केला होता. हळद पिकवायची, शिजवायची, वाळवायची सगळी कामं बायकाच करायच्या, माल मात्र सांगलीच्या सौद्यात दुसऱ्याच्या नावानं जायचा. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या नावानं एक कंटेनर परदेशी निघाला. तिकडच्या व्यापाऱ्यानं साफ सांगितलं होतं, हा पहिला माल ठरलेल्या जहाजानं आणि निर्मळ आला तर पुढं दर हंगामाला घेऊ, नाहीतर राम राम. बायकांनी हळकुंडं अशी निवडून आणली होती, की हौसाक्कासुद्धा पोतं उघडून गप्प झाली. तिची टोळी सकाळपासून भरत होती. पोतं फेकाल तर हात तोडीन, असा तिचा दम होता.

डबा भरत आला तेव्हा बायकांनी पूजा मांडली. हार आणला होता, कुंकवाचा करंडा आणला होता. हौसाक्का डब्यापासून लांब, क्रेनच्या चाकाशी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आक्का, चला की पुढं." ती म्हणाली, "सवाष्णीचं काम हाय ते. माझं काम दार लावायचं." हे ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. तिच्याशेजारी आणखी एक बाई उभी होती, कपाळ मोकळं असलेली. गटातली सगळ्यात वयस्कर, बनूमावशी. तिच्याच रानातल्या हळदीवर गटाची सुरुवात झाली होती, असं बाकीच्या बायका सांगत होत्या, आणि तीच मागं उभी होती.

आरती झाली, गलका झाला, फोटो निघाले. त्या गडबडीत बनूमावशी कधी पुढं गेली आणि कधी परत आली, कुणालाच कळलं नाही. गर्दी हटल्यावर हौसाक्का बाजूनं आली, दारं लावली, दांडे फिरवले. कस्टमच्या साहेबांनी सील ठोकलं. क्रेननं डबा उचलून वाघिणीवर ठेवला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, दोघी रडल्या. गाडीला इंजिन लागायचं तेवढं बाकी होतं. मी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा पिताना बनूमावशी खुशीत म्हणाली, "माझ्या जिवाला आता घोर न्हाई. लेक मोकळ्या ओटीनं न्हाई धाडली म्या."

हौसाक्कानं कप खाली ठेवला. "म्हंजी?"

"ओटी भरली की. खणात बांधून. नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. आत, पोत्यांच्या म्होरं ठिवलीया."

मला आधी हसू आलं, आणि मग पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं. परदेशी बंदरात दार उघडणाऱ्याला पहिल्यांदा दिसणार ते कागदावर कुठंही न लिहिलेले कच्चे तांदूळ आणि नारळ. महिनाभर बंद डब्यात, कीड लागलेले. खाण्याच्या मालात असं काही सापडलं तर तिकडं सगळा डबा अडवतात, परत पाठवतात, नाहीतर नष्ट करतात. बायकांच्या नावानं निघालेला पहिला डबा शेवटचा ठरणार होता.

"मला का न्हाई इच्यारलंस मावशी?" हौसाक्कानं विचारलं.

"इच्यारलं असतं तर मला भरू दिली असती व्हय?" बनूमावशी म्हणाली. "माझ्यासारखीनं ओटी भरायची आसती व्हय कुणाची? म्हणून चोरून भरली."



मॅनेजर वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. ते हळूच म्हणाले, "हे बघा, कुणी पाहिलेलं नाही. सील लागलंय, कागद गेलेत. गाडी सुटू दे. उद्या संध्याकाळी बंदराचं गेट या जहाजासाठी बंद होणार. आता डबा उतरवला तर गाडी चुकली, गाडी चुकली तर जहाज चुकलं. तिकडं प्रत्येक डबा थोडाच उघडतात?" एव्हाना बायकांच्या ध्यानात काय ते आलं होतं. एकजण बनूमावशीवर ओरडली, "म्हातारे, घात केलास गं समद्यांचा!" बनूमावशी नुसती सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"वरडू नगा तिला," हौसाक्का म्हणाली. "सायेब, डबा खाली घ्या."

"गाडी थांबणार नाही, आक्का."

"गाडी जाऊ द्या. डबा खाली घ्या."

"आणि वर काय कळवू? सील का तोडलं? कुणाची चूक?"

"मुकादमाची. दार मी लावलं. लावायच्या आदी आत बगायचं काम माझं हुतं, मी न्हाई बगितलं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ल्हिवा ताई. मुकादमाची चूक. म्हातारीचं नाव कुटं घालायचं न्हाई."

मॅनेजर म्हणाले, "आक्का, तुझ्या टोळीचं काम जाईल." ते खरं होतं. टोळी मागं उभी राहून ऐकत होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. त्या म्हाताऱ्या हमालानं डोक्याचा टॉवेल सोडला, पुन्हा बांधला आणि क्रेनवाल्याला हात केला.

डबा उतरला. गाडी सुटली. आमच्यासमोरून वाघिणींमागून वाघिणी गेल्या, प्रत्येकीवर डबा, आणि मध्येच एक वाघीण रिकामी. ती रिकामी वाघीण गेली तेव्हा बायकांतून एक हुंदका आला. हौसाक्का तिकडं बघत नव्हती. ती कस्टमच्या साहेबांना सील तोडायला घेऊन गेली होती.

दार उघडलं. क्रेनच्या हिसक्यानं खणाची गाठ सुटली होती आणि तांदूळ पोत्यांवर, फटींतून, तळाशी सांडले होते. हौसाक्का गुडघ्यांवर बसली आणि एकेक दाणा वेचू लागली. टोळीनं पुढच्या रांगेतली पोती काढली, झटकली, तळ पुसून काढला. बायका पुढं सरसावल्या. साहेब म्हणाले, "झालं बाई, स्वच्छ आहे," तरी ती हात फिरवत होती. शेवटी तिनं बनूमावशीला हाक मारली. "मावशी, तुझी नजर बारीक हाय. एक डाव बघ." बनूमावशी आत चढली आणि दोघी मिळून त्या लोखंडी तळावर ओणव्या होऊन बघत राहिल्या. मी बाहेर उभी होते. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मोठी माणसं व्यासपीठांवर पाहिली. पण मोठेपणा एवढा जवळून मी तेव्हाच पाहिला, आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

पुन्हा पोती लागली, पुन्हा सील लागलं. आता डबा सडकेनं न्यायचा, कऱ्हाड, सातारा, खंबाटकी, पुणे करत, आणि गेट बंद व्हायच्या आत पोचवायचा. मेढ्याचा ड्रायव्हर बजरंग आपला ट्रेलर रिकामा करून गावाकडं निघाला होता. गावची जत्रा होती. हौसाक्का त्याच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

"बजरंगा, डबा न्यायचाय."

"आक्का, जत्रा हाय आमची. आनि बंदरावर रांगेत दोन दोन दिस जात्यात. मी येकटा काय करू?"

"येकटा न्हाईस. मी येती संगं. रांगेत कोन आडवतंय बगती."

बजरंगनं तिच्याकडं पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "चढवा डबा," म्हणाला.

निघायच्या वेळेला एक अडचण उरली. ओटी. खणात पुन्हा बांधलेला नारळ आणि वेचलेले तांदूळ घेऊन बनूमावशी उभी होती. भरलेली ओटी परत घेत नाहीत, टाकूनही देत नाहीत. बायका एकमेकींकडं बघत होत्या. बनूमावशी सरळ हौसाक्कासमोर जाऊन उभी राहिली.

"पदर पसर."

हौसाक्काचा आवाज मी कधी खाली आलेला ऐकला नव्हता. तो तेव्हा ऐकला. "मावशी, माझी भरत न्हाईत. ठावं हाय न्हवं तुला?"

"ठावं हाय. मी भरू नये, ह्ये बी ठावं हाय. डब्यासंगं तूच चाललीयास न्हवं? मग लेक तूच. पसर पदर. ह्या टायमाला चोरून न्हाई भरत मी."

सगळ्या डेपोसमोर, टोळीसमोर, मॅनेजरांसमोर हौसाक्कानं पदर पसरला. बनूमावशीनं तिची ओटी भरली. मघाशी ओरडलेली बाई कुंकवाचा करंडा घेऊन पुढं आली, क्षणभर घुटमळली आणि तिनं बोट बुडवून आधी बनूमावशीला आणि मग हौसाक्काला कुंकू लावलं. मी रडत होते, आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही. हौसाक्कानं पदराची गाठ पोटाशी खोचली, आकडा म्हाताऱ्या हमालाच्या हातात दिला आणि ट्रेलरच्या पायरीवर पाय ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते. डबा वेळेत पोचला, तिकडं उघडला, निर्मळ निघाला. पलूसच्या बायकांचे डबे आता दर हंगामात जातात. टोळीचं काम गेलं नाही, मुकादमाला फक्त लेखी ताकीद आली, आणि ती हौसाक्कानं मला सगळ्या टोळीसमोर मोठ्यानं वाचायला लावली. "पुन्यांदा वाचा, माझं नाव आलंय त्यात," असं म्हणून. पुढं वर्षभरात मी ती नोकरी सोडून साताऱ्याला आले. पण हौसाक्का म्हटलं की मला ती दिसते, डबा निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बजरंगनं बंदराबाहेरून लावलेल्या व्हिडिओ कॉलवर.

"ताई, गेटच्या आत गेला डबा!" तो ओरडत होता. "आक्काला पास नव्हता म्हणून भाईर ठिवलं त्यांनी. तवापास्नं हितंच उभ्या हाईत. जेवल्या बी न्हाईत."

त्यानं फोन फिरवला. कुंपणापलीकडं डब्यांचे डोंगर होते. लाल, निळे, हिरवे, तपकिरी, एकावर एक, नजर पोचेल तिथवर. त्यांच्या वर प्रचंड क्रेन, आणि क्रेनच्या दोऱ्यांना आगपेटीएवढा दिसणारा एक डबा. कुंपणाशी हौसाक्काची पाठमोरी मूर्ती, पदराची गाठ तशीच पोटाशी धरलेली. बजरंगनं दोनदा हाक मारली तरी तिनं मान वळवली नाही. मग तशीच, समोर बघत, तिनं विचारलं, "ताई, ह्यातला आपला कुटला वं?"

मी फोन डोळ्यांजवळ नेला. सगळ्या जगाची खोकी तिथं होती. "आक्का, मला नाही ओळखता येत," मी म्हटलं.

मग तिनं दोन्ही हात पुढं केले, त्या डोंगरांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हवेतून फिरवले, आणि कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. सगळ्याच डब्यांची तिनं दृष्ट काढली.